मामाचं न जोडलेलं पाकीट

"पाकीट उघडलंनी, पण आत काय दिसत नाय म्हणतात," मामी हळू आवाजात आईला सांगत होती. दोघी मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसल्या होत्या आणि मी माजघरात खिडकीशी होते. त्यांची पाठ माझ्याकडे असल्यामुळे मामीला वाटलं असावं, मला ऐकू येत नाही.

"मग आता जाणार काय परत बोटीवर?" आईने विचारलं.

मामीने पुढचा बांगडा उचलला.

पाकीट म्हणजे खिशातलं नव्हे. क्रिप्टोचं, लॅपटॉपमधलं. तो लॅपटॉप माजघरातल्या टेबलावर होता आणि त्याच्यापुढे मामा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तसा. पडद्यावर मोठ्या अक्षरात शून्य होतं.

मामा बोटीवर इंजिन फिटर. मला कळायला लागल्यापासून तो गणपतीला घरी येतो आणि नवरात्राच्या आसपास परत जातो. मधल्या काळात आमच्याकडे त्याचा फक्त आवाज असतो, तोही तुटक. या वेळी मात्र विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना, कोणी काही विचारलेलं नसताना तो म्हणाला, "यंदा नाय जायचा विचार आहे." मामीने आमटीचा डाव तसाच हातात धरून ठेवला. जेट्टीजवळ मच्छीमार होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री आहेत. ते मुलाकडे राहायला जाणार होते आणि ती जागा, हत्यारांसकट, त्यांना मामालाच द्यायची होती. मामाची बँकेतली शिल्लक घरात आणि मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणात गेलेली. उरलेलं सगळं त्या पाकिटात होतं. बोटीवरच्या एका फिलिपिनो मित्राने त्याला ते काढून दिलं होतं आणि दर फेरीला मामा त्यात थोडं थोडं टाकत आला होता. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटने हो की नाही ते त्या बांगड्यांच्या दिवशीच संध्याकाळपर्यंत कळवायला सांगितलं होतं. पाकीट रिकामं असेल तर मामाला हो म्हणावं लागणार होतं.

जुना लॅपटॉप खाऱ्या हवेने गेला, म्हणून त्याने नवीन घेतला. त्यात पाकीट पुन्हा उघडायला पंचवीस इंग्रजी शब्द लागतात, ठरलेल्या क्रमाने. हे शब्द म्हणजेच किल्ली; ज्याला ते कळतील त्याला सगळे पैसे काढून नेता येतात. मित्राने ते त्याच्याकडून हाताने लिहून घेतले होते आणि कोणाला दाखवू नकोस म्हणून बजावलं होतं. बोटीवरच्या माणसाला प्रत्येक कागद लॅमिनेट करायची सवय असते. मामाने हाही केला होता, मारुती मंदिर नाक्यावरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात.

"आणि दुकानदाराने बघितलं नाही?" शून्य दिसलं त्या पहिल्या दिवशी मी विचारलं होतं.

"बघितलंन की. त्याला वाटलं इंग्लिश कविता आहे. म्हणाला, अर्थ लागत नाय, पण अक्षर चांगलं आहे."

त्या पंचवीसांत एक शब्द ऑयस्टर होता. त्याचा अर्थ कालव, हे मी सांगितल्यावर मामी हसली होती. "एवढ्या सगळ्यात एकच ओळखीचं निघालं," म्हणाली होती.

आमच्या घरात इंग्रजी वाचायचं काम माझं. मी इंग्रजी शाळेत गेले ती घरातली पहिली. दुसरी-तिसरीत असल्यापासून विम्याची पत्रं, औषधांच्या बाटल्या, मामाचे कंपनीचे करार, शेजारच्या काकूंच्या मुलाचा व्हिसा, सगळं माझ्यासमोर येतं. "वाच गो," एवढंच म्हणतात. मग सगळे गप्प बसतात आणि मी वाचते. वाचून झालं की मोठी माणसं आपसात बोलतात, काय करायचं ते ठरवतात. त्यात वाईट कोणाचंच नसतं. माझं काम झालेलं असतं, इतकंच. मलाही ते सोयीचं पडलं. मला बोलायला जड जातं. रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायला माझा आवाज वेळेवर निघत नाही आणि मी पुढच्या वळणावर उतरून मागे चालत येते. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं असलं की मात्र आवाज नीट लागतो.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. लोकांनी बनवलेली सॉफ्टवेअर्स वापरून बघायची आणि कुठे अडतं ते लिहून कळवायचं. त्यामुळे माझी नजर पडद्याच्या मध्यावर कमी आणि कोपऱ्यांत जास्त जाते. मामाच्या पडद्यावर खाली डावीकडे, करड्या बारीक अक्षरात, एक शब्द होता: डिस्कनेक्टेड. शून्याकडे बघणाऱ्या माणसाला तो दिसलाच नसता.

तो पहिल्यांदा दिसला तेव्हाच मला थोडं कळलं होतं. पाकिटात नाणी नसतातच. सगळ्या व्यवहारांची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असते. त्यातल्या एकेकाला नोड म्हणतात. आपलं किती आहे हे बघायचं तर पाकिटाला कुठल्यातरी नोडकडे विचारावं लागतं. तो आपल्याच लॅपटॉपवर चालवता येतो, पण मग सगळी नोंद उतरवून घ्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. म्हणून बरेच लोक दूरचा, दुसऱ्या कोणाचा नोड वापरतात. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखं आहे ते. गाडी लागली का, एवढं विचारायचं. खिडकीतल्या माणसाला आपली पर्स द्यायची गरज नसते. आणि खिडकी बंद असली म्हणजे गाडीच नाही, असंही होत नाही.

हे सगळं मला आत्ता लिहिता येतं. तेव्हा मराठीत कसं सांगायचं ते सुचत नव्हतं आणि इंग्रजीत सांगून उपयोग नव्हता. मी एवढंच म्हटलं होतं, "मामा, ते कदाचित जोडलेलं नाहीये."

"तेच तर," मामा म्हणाला होता. "तेच जोडून देणारा माणूस मिळालाय."

हा माणूस त्याला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये मिळाला होता. पाकीट वापरणाऱ्यांचा ग्रुप. मामाने तिथे 'शून्य का दिसतंय' असं विचारलं, आणि लगेच एकाने वेगळा मेसेज करून मदत देऊ केली. आता दुपारी त्याचाच फोन आला होता. मामा फोन नेहमी स्पीकरवर टाकतो. आणि बोटीवर वॉकीटॉकीवर ऐकलेलं परत बोलून 'कॉपी', म्हणजे समजलं, म्हणायचं असतं, म्हणजे चूक होत नाही. ती सवय त्याला घरीही आहे. मामी त्याला बाजारातून काय आणायचं ते सांगते तेव्हा तो उंबऱ्यात उभा राहून "कोथिंबीर, नारळ, कॉपी," म्हणतो.

"सर, आप बिलकुल टेन्शन मत लीजिए," फोनमधला आवाज म्हणाला. तरुण होता, अतिशय नम्र.

"टेन्शन नहीं लेना, कॉपी," मामा म्हणाला.

"आपका वॉलेट नोडसे जुडा नहीं है."

"वॉलेट नोडसे जुडा नहीं. कॉपी." मामाने माझ्याकडे बघून मान हलवली. बघ, तूही हेच म्हणत होतीस.

मी जरा गोंधळले, कारण तो खरं बोलत होता. आजार त्याने बरोबर ओळखला होता. माझ्या मनात आलं, याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. मामाने त्याच्याशी बोलता बोलता लॅपटॉपकडे पाठ फिरवली होती. फोन त्याच्या तळहातावर होता, प्रसादासारखा. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. "बघू जरा," असं पुटपुटले. त्याने न बघताच मान डोलावली.

सेटिंगमध्ये नोडच्या जागी एक पत्ता होता. मी हळूच मामाला विचारलं, "हा कुठून आला?"

"जुन्यात होता तोच टाकला. आकडा न् आकडा तपासलाय," त्याने फोन बाजूला धरून सांगितलं. चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, होती तशी बसवायची, असं त्याच्या कामात शिकवतात. नवीन पंप जुन्याच्याच मापांवर बसतो. पण तो पत्ता, मामाच्याच बोलण्यावरून, त्या फिलिपिनो मित्राच्या घरच्या संगणकाचा होता. मित्र आता दुसऱ्या बोटीवर होता, त्याचा फोन लागत नव्हता, आणि त्याच्या घरी कोणीतरी तो संगणक बंद करून ठेवला असावा. मामाचं पाकीट इतके दिवस एका बंद घराचं दार वाजवत होतं. मामाने ज्या काळजीने ते आकडे लिहिले असतील, ती माझ्या डोळ्यांसमोर आली.

पाकीट बनवणाऱ्यांच्याच माहितीपानावर चालू नोडची यादी असते. मी ती सकाळीच ऑफिसच्या कामाच्या मध्ये वाचून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. वाचायची सवय म्हणून. त्यातला एक पत्ता मी घातला, शेवटचा पोर्टचा, म्हणजे त्या संगणकाच्या दाराचा, आकडा घातला आणि 'कनेक्ट' दाबलं. करडा शब्द गेला. त्याच्या जागी हिरवा आला आणि खाली एक पट्टी सरकू लागली, सावकाश. जुन्या नोंदी एकेक करून तपासत होती.

जोडताना पंचवीस शब्द कोणी विचारले नाहीत. एका क्षणासाठीही नाहीत. ते माझ्या लक्षात आलं तेव्हाच फोनमधला आवाज म्हणत होता, "सर, मैं यहाँसे अपने सर्व्हरपे जोड देता हूँ. बस वो पच्चीस वर्ड्स बता दीजिए."

"पच्चीस वर्ड्स, कॉपी," मामा म्हणाला आणि कपाटाकडे गेला.

मामी आणि आई हात न पुसताच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामाच्या दुसऱ्या फोनवर एजंटचं नाव दिसलं, वाजलं, थांबलं. कोणी उचललं नाही. मामाने लॅमिनेट केलेला कागद आणला, पोथीच्या पानासारखा जपून माझ्यासमोर ठेवला आणि फोन माझ्या तोंडाजवळ धरला.

"वाच गो. तुझं इंग्लिश बरं आहे, माझे उच्चार त्याला समजायचे नाय."

"सावकाश वाच," मामी म्हणाली. "एक पण चुकवू नको."

"हाँ जी, बोलिए मॅडम," फोन म्हणाला.

सगळे गप्प झाले, नेहमी होतात तसे. त्या गप्प होण्याची मला इतकी सवय आहे की माझं तोंड आपोआप उघडलं. पहिला शब्द समोर होता. मामाचं अक्षर खरंच चांगलं आहे. कागदाच्या कडेवरून मला पडदा दिसत होता. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली होती, आणि मधलं ते शून्य राहिलं नव्हतं. तिथे एक आकडा आला होता. लहानसाच, बहुतेक पहिल्या फेरीचा. मग तो बदलला आणि जरा मोठा झाला. त्या खोलीत पडद्याकडे तोंड करून फक्त मी बसले होते.

"मॅडम?"

मामाने फोन आणखी जवळ आणला. त्याला वाटत होतं मी पहिला शब्द लावते आहे. मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. आवाज आधी आत गेला, रिक्षात जातो तसा. पण या वेळी पुढच्या वळणापर्यंत थांबून चालणार नव्हतं.

"मामा, हे मी वाचणार नाही," मी म्हटलं. "कोणालाच नाही. तो फोन ठेव, आणि इकडे बघ."