गिरिजाच्या स्लेडचा पट्टा

श्रूजबरी गावातल्या मराठी मंडळींत शोभनाला सगळं आधी करायची सवय होती. अमेरिकेत आधी आली ती, गाडी चालवायला आधी शिकली ती, आणि वादळाची बातमी आली की दूध-ब्रेड आणून ठेवा म्हणून घरोघर फोन करायची तीही तीच. गिरिजा सांगलीहून नवी नवरी म्हणून आली तेव्हा मोज्यांवर चपला घालून बर्फात उभी होती. तिला दुकानात नेऊन पहिला जाड कोट घेऊन दिला तो शोभनाने. ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली होती, की तिने सुरुवात केली की पुढचं वाक्य गिरिजाच बोलून टाकायची.

तीच गिरिजा आता साठी उलटल्यावर भर जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत तंबू ठोकून राहायला लागली होती. तिचा नवरा दिगंबर गेला आणि घर तिला खायला उठायला लागलं. मग लायब्ररीत रूथ नावाची एक निवृत्त शिक्षिका भेटली, दोघी बर्फात चालायला जाऊ लागल्या आणि चालता चालता तंबूपर्यंत पोचल्या. तसं सोबत येतेस का म्हणून गिरिजाने आधी शोभनालाच विचारलं होतं. विचारलं ते दिवाळीच्या जेवणात, सगळ्यांसमोर. शोभना म्हणाली, बर्फात झोपायची शिक्षा व्हावी असा काही गुन्हा माझ्या हातून झालेला नाही. सगळे पोट धरून हसले. गिरिजाही हसली. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शोभना तिळाच्या वड्या घेऊन गेली. दरवर्षी तिच्या वड्यांवर बायका तुटून पडायच्या. या वर्षी सगळ्या गिरिजाच्या फोनवर तुटून पडल्या होत्या. पिवळा तंबू, बर्फात खणलेली चूल, पहाटेची निळी झाडं. शोभनाने डबा हातात धरून मान लांब करून पाहिलं, तर एका फोटोत रूथ हसत उभी होती आणि तिच्या गळ्यात किरमिजी मफलर होता. तो मफलर शोभनाने गिरिजासाठी विणला होता.

घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीतच तिने कुमारला, म्हणजे नवऱ्याला ऐकवलं, की ती रूथ भारी चिकट बाई दिसते, आणि या वयात गुडघे मोडून घेण्यात कसलं आलंय शौर्य. कुमार सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, तुला जायचंय का? काहीतरीच, असं म्हणून शोभना खिडकीबाहेर बघायला लागली. जायचं तर होतंच. पण त्याहून जास्त, गिरिजाने विचारायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात गिरिजा नायलॉनची रुंद पट्टी, फोम आणि बकल घेऊन हजर झाली. पाठीवरचं ओझं आता झेपत नाही, म्हणून रूथच्या गॅरेजमध्ये दोघी सामान ओढायची स्लेड, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, बनवत होत्या. पोरांची लांबट प्लास्टिकची स्लेड घ्यायची, पुढच्या कडेला भोकं पाडायची, त्यांतून दोन लांब पाइप जोडायचे आणि ते कंबरेच्या पट्ट्याला अडकवायचे. नुसती दोरी लावली तर उतारावर स्लेड मागून येऊन टाचांवर आदळते, पाइप तिला लांब धरून ठेवतात. विकतचा पट्टा कंबरेला काचतो, तेवढा तू शिवून दे, असं गिरिजाचं म्हणणं होतं. शोभनाला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात गिरिजा म्हणाली, रूथच म्हणाली, तुझ्या त्या शिवणाऱ्या मैत्रिणीला विचार.

शिवणारी मैत्रीण! एवढ्या वर्षांच्या सोबतीनंतर ही पदवी. शोभनाने सामान ठेवून घेतलं. गिरिजा माप द्यायला उभी राहिली, तर तिला म्हणाली, तुझं माप मला पाठ आहे. ते खरंही होतं. गिरिजाचे ब्लाउज तीच शिवत आली होती.

दुपारी मशीनसमोर बसली तेव्हा मात्र तिने ती पट्टी आधी स्वतःच्या कंबरेला गुंडाळली. आरशासमोर उभी राहून जरा पुढे वाकली, मागे ओझं आहे असं समजून दोन पावलं टाकली. पट्टी जिथे जुळली तिथे टाचणी लावली आणि रूथवर मनातल्या मनात धुसफुसत शिवायला बसली. एक टाका कच्चा सोडावा, असाही विचार येऊन गेला. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तिने तिथे दुहेरी शिवण मारली.

शनिवारी गिरिजा स्लेड घेऊन आली. रूथ नातवंडांकडे गेली होती, ते एक बरं झालं. मागच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता. तंबू, शेगडी, झोपायच्या पिशव्या स्लेडवर बांधून गिरिजाने पट्टा लावला. तो कंबरेवर क्षणभरही न थांबता सरळ गुडघ्यांवर आला.

जाड कोटावरून बांधायचा म्हणून सैल ठेवलाय, शोभना घाईघाईने म्हणाली. गिरिजाने जाड कोट घातलेलाच होता.

गिरिजाने पट्टा काढून शोभनाच्या हातात दिला आणि तूच घालून दाखव म्हणाली. शोभनाने घातला. बकल खटकन बसलं, अगदी जिथे बसायला हवं तिथे. दाखवण्यापुरतं कुंपणापर्यंत जायचं होतं, पण कुंपण आलं तरी पाय थांबेनात. ती घराला वळसा घालून पुढच्या उतारावरून खाली गेली. स्लेड टाचांना न शिवता मुकाट मागून आली. चढ चढून शोभना परतली तेव्हा गाल लाल झाले होते आणि तोंड भरून हसू होतं. ते लपवायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"शोभना, हा पट्टा कुणासाठी शिवलास गं?"

शोभनाचं हसू गेलं. "तू परत विचारलंच नाहीस," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर माझं हसं केलंस. परत कुठल्या तोंडाने विचारणार होते? दिगंबर जाऊन वर्षही झालं नव्हतं."

दिवाळीला गिरिजाही हसली होती, एवढंच शोभनाने धरून ठेवलं होतं. ते हसू कसलं होतं, याचा तिने विचारच केला नव्हता. पट्टा सोडायला हात बकलवर गेला आणि तिथेच राहिला.

"मला यायचंय," ती शेवटी म्हणाली. "आणि मला त्या रूथचा राग येतो."

"ते दिसतंय," गिरिजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी ती हसत होती. "तंबूत तिघी मावतात. मी कळवते तिला."

शोभनाने विचारलं, "मधे कोण झोपणार?"

"मीच. दुसरं कोण?"

"चालेल." शोभनाने बकल सोडलं आणि पट्ट्यावरचा बर्फ झटकला. "पण तो मफलर तुझा आहे, तो परत घे तिच्याकडून. तिला मी दुसरा विणीन."