फाटकावरून आलेली हाक

होबार्ट साइझमोर आमच्या केंटकीच्या खोऱ्यातला डुकरं कापणारा. डुक्कर तो एकटा लोळवी, आणि गुत्त्यात माणसंही. माझा एक दात त्यानंच पाडला आणि सकाळी ताजी कलेजी घेऊन आला. मी डावीकडून चावली, झकास होती.

त्याची बहीण ऑर्लीना नवऱ्यानं मनगट मोडलं म्हणून त्याच्याकडे येऊन राहिली. रविवारी नवरा टिव्हिस कुऱ्हाड घेऊन फाटकाशी आला. हाक दिल्याशिवाय आमच्याकडे कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाहीत. टिव्हिस तर्र होता, पण रीत विसरला नाही.

"होबार्ट, आहेस का रे?"

आतून होबार्ट म्हणाला, "ये की वर."

टिव्हिस पायऱ्या चढला. होबार्टनं दुनळी बंदुकीचे दोन्ही बार त्याच्या पोटात रिकामे केले. आतडी पायरीवर सांडली, कुत्री धावली. कुऱ्हाड उगारलेली होती की खांद्यावरच, ते कुणी पाहिलं नाही.

वकील होबार्टला म्हणाला, नवा कायदा तुझ्या बाजूनं आहे. जबरदस्तीनं घुसणाऱ्यापासून पळावं लागत नाही, भीती होती हेही सिद्ध करावं लागत नाही. फक्त तू बोलावलंस हे सांगू नकोस.

होबार्टचा मार न खाल्लेले बाराजण जिल्ह्यात मिळेनात, म्हणून ज्युरीत मीही होतो. सरकारी वकिलानं विचारलं, हाकेला तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही? होबार्ट लालबुंद झाला.

"माणूस फाटकावर उभा राहून हाक मारतोय, आणि मी गप्प बसू? 'ये की वर' म्हटलं मी. मला काय आईबापानं वाढवलं नाही?"

त्याच्या वकिलानं डोकं धरलं.

ज्युरीच्या खोलीत आम्ही भांडलो. टिव्हिस मेला याचं वाईट कुणालाच नव्हतं. बहुतेक जण सोडूया म्हणत होते. मग झेल्मा नोबल ही म्हातारी बोलली, "'ये वर' ऐकून चढणाऱ्याला गोळी बसायला लागली, तर उद्या मी कुणाच्या दारात जायचं?"

पुन्हा मतं घेतली, तेव्हा बाराही जण दोषी म्हणाले. होबार्टला दहा वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर कोर्टाच्या पायऱ्यांवर ऑर्लीनानं झेल्माच्या तोंडावर असा ठोसा हाणला की म्हातारी बसलीच. पोलीस धावले. झेल्मानं हातानंच त्यांना थांबवलं, रक्त थुंकलं आणि म्हणाली, "सोडा तिला. तिच्या जागी मीही हाणला असता."