दाजींचा शिकलेला मोर

आमच्या दाजींइतका प्रामाणिक माणूस सांभाळणं दौंडलासुद्धा जड गेलं, आणि दौंडला तर रेल्वेमुळे नाना तऱ्हेची माणसं सांभाळायची सवय आहे. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान, माझे साडू; पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. लबाड माणसाचा त्रास एकदा होतो, मग आपण सावध होतो. प्रामाणिक माणसाचा त्रास रोज नवा असतो. एकदा आम्ही दोघं शिरूरहून दौंडला चाललो होतो. चौफुल्याला गाडी बदलली आणि पुढच्या गाडीत अशी गर्दी की कंडक्टर आमच्यापर्यंत पोचलाच नाही. दुसरा कोणी गुपचूप घरी गेला असता. दाजी स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत त्या कंडक्टरच्या मागे गेले आणि त्याला कप खाली ठेवायला लावून दोन तिकिटं फाडून घेतली. मामा, आता प्रवास संपला की, असं तो कळवळून म्हणाला, तर दाजींनी त्याला प्रवास संपला असला तरी तिकीट राहिलंय असं समजावलं. मी तोवर दोघांच्या पिशव्या धरून उन्हात उभा होतो.

छापलेल्या अक्षरावर त्यांचा भारी विश्वास. धंदाच छपाईचा, त्यामुळे छापणाऱ्यानं विचार केल्याशिवाय काही छापलं नसेल अशी त्यांची पक्की समजूत. खोकल्याच्या बाटलीवर हलवून घ्या असं लिहिलेलं असलं की ते ती बाटली अशी हलवत की बघणाऱ्याला घाम फुटावा. नव्या कुकरबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक पूर्ण वाचून होईपर्यंत त्यांनी घरात कुकर लावू दिला नव्हता, आणि ताईंनी सगळा आठवडा पातेल्यात डाळ शिजवली. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. ट्रेसिंग पेपरवर हातानं अक्षरं काढायची, त्यावरून जाळी तयार करायची आणि रबरी पट्टीनं शाई ओढत एकेक पत्रिका छापायची. गणपतीच्या, बुद्धाच्या, चाँदताऱ्याच्या, अशा सगळ्यांच्या घरच्या पत्रिका त्या एका टेबलावर शेजारी शेजारी वाळत पडलेल्या असायच्या.

नव्वदचं दशक सरत आलं तसं गिऱ्हाईक कॉम्प्युटरची पत्रिका मागायला लागलं. दाजींनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. देणाऱ्यानं सगळ्यांना द्यायचा तसा त्यांच्याही हातात एक कॉपी मारलेली सीडी ठेवली, तिच्यात चित्रं काढायचं सॉफ्टवेअर होतं. दाजींनी ती जळता निखारा ठेवावा तशी काउंटरवर परत ठेवली. अस्सल सॉफ्टवेअर विकत घ्यावं तर त्याची किंमत कॉम्प्युटरच्या वर. तेव्हा दुकानदारानं सुचवलं की शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना हेच सॉफ्टवेअर सवलतीत मिळतं. आमच्या ताई पाटसजवळच्या एका वाडीवर शाळेत शिक्षिका. त्यांचं ओळखपत्र दाखवून सवलतीचा डबा घरी आला, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण डब्यात नियमांचं पुस्तक होतं.

डब्यातल्या सीडीच्या पाकिटाचं सील फोडलं म्हणजे नियम मान्य केले असं त्यावर छापलेलं. त्यामुळे दाजी सील न फोडता, डिक्शनरी मांडीवर घेऊन ते इंग्रजी पुस्तक वाचत बसले. अर्धा उन्हाळा त्यात गेला. निष्पन्न असं झालं की हे सॉफ्टवेअर फक्त शिकण्या-शिकवण्यासाठी आहे, त्यावर धंदा करायचा नाही, आणि प्रत्येक छापील पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत तशी एक ओळ आपोआप उमटणार. मी म्हटलं, दाजी, ती ओळ सगळे कटरनं उडवतात. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं.

"रेघ उडवली तरी ती व्हती हे मला म्हाईत असनार न्हवं?" ते म्हणाले.

मग शिकायचंच तर रीतसर, असं त्यांनी ठरवलं. ताई शिक्षिका, दाजी विद्यार्थी, आणि तास चालू असेल तेवढाच वेळ कॉम्प्युटर चालू. ताई शाळेतून येऊन चहा प्यायल्या की दाजी हातपाय धुऊन, सदऱ्याची वरची गुंडी लावून समोर बसत. ताई हजेरी घेत आणि वर्गात एकच विद्यार्थी असूनही त्यानं हजर, बाई, असं म्हटल्याशिवाय बटण दाबलं जात नसे. ताईंना कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं, पण चौथीच्या पोरांना वळण लावायचा हातखंडा होता, आणि तेवढ्यावर त्या निभावून नेत. पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचायच्या, दाजींनी करून दाखवायचं, चुकलं की पुन्हा. रेघ वाकडी आली तर ओरडा बसायचा. लोडशेडिंग झालं की शाळा सुटायची. मी एकदा तासाच्या मध्येच जाऊन काहीतरी विनोद केला, तर ताईंनी मलाही शांत बसायला सांगितलं, आणि दाजी वर्गातल्या हुशार मुलासारखे गालात हसले. त्या तासाला दोघांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी फार थोड्या संसारांत पाहिलंय.

या वर्गात कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक मोर तयार झाला. पहिल्या वर्षी तो कोंबडीसारखा दिसायचा. पुढे मान आली, तुरा आला, आणि होता होता पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा वेगळ्या निळ्या रंगाचा झाला. वडगाव रासाईचे एक आबा मुलाच्या लग्नाची पत्रिका ठरवायला आले होते. त्यांनी तास चाललेला असताना आत डोकावून तो मोर बघितला आणि पत्रिकेवर हाच पाहिजे म्हणून हटून बसले.

"ह्यो मोर शिक्षनातला हाय आबा, धंद्यातला न्हाई," दाजींनी सांगितलं.

"मग येवढं शिकून त्यो बेकारच बसनार व्हय?" आबांनी विचारलं.

दाजी गंभीरपणे हो म्हणाले. मग त्यांनी आबांसाठी हातानं वेगळा मोर काढायला घेतला, आणि काढताना नजर चुकून आतल्या मोराकडे जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. हातानं काढलेला मोर पुन्हा कोंबडीवर गेला. आबांनी तो मुकाट्यानं नेला, पण त्यांच्या पुतण्याची पत्रिका पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात छापली गेली. तिथे कॉपीच्या सीडीवर सगळं झटपट व्हायचं. दाजींकडे जुनी, हाताच्या अक्षरांची माणसं तेवढी उरली. घर ताईंच्या पगारावर व्यवस्थित चालत होतं, तेव्हा खायचे वांधे नव्हते. पण एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली होती. त्यांना एकदा, फक्त एकदा, तो मोर छापून लोकांच्या हातात गेलेला बघायचा होता. माझ्याशी ते हे सरळ बोलले, आणि इतक्या साध्या शब्दांत बोलले की मला चेष्टा सुचली नाही.

त्यांनी प्रयत्न केले. सवलतीच्या डब्यावर फरक भरून पूर्ण सॉफ्टवेअर मिळतं का, हे विचारायला पुण्याला गेले. मिळत नाही, नवं कोरंच घ्यावं लागेल, असं कळलं. पोरगं वरच्या वर्गात जातं, डबा जात नाही, एवढंच ते परत येताना म्हणाले. मग मुलीचं लग्न ठरलं. मला वाटलं आता अडचण सुटली. घरचं कार्य, धंद्याचा संबंध नाही. दाजींनाही तसं वाटायला लागलं होतं. त्यांनी तासाच्या वेळी उभं राहून विचारलं, बाई, घरच्या पत्रिकेला चालेल का. ताईंनी ते पुस्तक पुन्हा काढलं, तो नियम पुन्हा वाचला आणि लग्न हे काही शिक्षण नव्हे असा निकाल दिला. मुलगी वैतागली, मी वैतागलो, आणि दाजींनी, आईशप्पथ सांगतो, बाईंचं बरोबर आहे म्हणून मान डोलावली. लेकीची पत्रिका हातानं लिहिली. ती सुंदरच होती, पण तिच्यावर मोर नव्हता.

पुढे ताईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं. दाजींच्या हिशेबानं ज्या दिवशी ताई शिक्षिका उरणार नाहीत त्या दिवशी त्या डब्याचा हक्कही संपणार होता. मोर आत तसाच राहणार, हे त्यांनी मनानं जवळजवळ मान्य केलं होतं. अशात एका संध्याकाळी शाळेचे मुख्याध्यापक निरोप समारंभाची निमंत्रणपत्रिका करून मागायला आले. मी त्या दिवशी तिथेच होतो. दाजींनी उठून हातपाय धुतले, गुंडी लावली आणि ताईंच्या समोर उभे राहिले.

"बाई, शाळंचं काम हाय," ते म्हणाले. "पैसं घ्यायचं न्हाईत. आता तरी चालंल का?"

ताईंनी नियमांचं पुस्तक पुढ्यात ओढलं. पुस्तक उघडलं मात्र नाही.

"चालेल," त्या म्हणाल्या. "शुद्धलेखन मला दाखवून मगच छापायचं." एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

समारंभाच्या दिवशी दाजी शाळेच्या फाटकाशी उभे होते. पत्रिका आधीच घरोघरी गेल्या होत्या, तरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्यांनी आणखी एकेक दिली. कारखान्यावर जाणारी माणसं, उसातून थेट आलेल्या बाया, ताईंच्या हाताखालून गेलेली आणि आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन आलेली पोरं, सगळी त्या मोराकडे बघत होती. तळाशी ती फक्त शिक्षणासाठी असं सांगणारी बारीक ओळ होती, कटर न लागलेली. दुसऱ्या कुठल्याही कागदावर ती डागासारखी दिसली असती, इथे ती आपल्या जागेवर बसली होती. भाषणं सुरू झाली. खुर्चीवर बसल्या बसल्या ताई फाटकाकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल पडला, तो कायमचा. मला वाटलं होतं दोघांच्या संध्याकाळी आता कशा जाणार. महिन्याभरानं दौंडला गेलो आणि दारातून जयभीम घातला तर कोणाचं लक्षच नव्हतं. ताई खाली मान घालून ब्रशनं ट्रेसिंग पेपरवर अक्षर गिरवत होत्या, दाजी वरून बघत होते. हाताला कसलं लायसन लागत नाही, असं त्यांनी मला समजावलं. ताईंची रेघ वाकडी येत होती. दाजी ओरडत नव्हते. मी रुमालाखालच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून मोराची चौकशी केली.

"शिकला," दाजी म्हणाले. "एक दिस नोकरी केली. आन् बाईंसंगं रिटायर झाला."