कागदी झेंडूचा हार

आमच्या ओरिगामी मंडळाच्या नावात ‘प्रादेशिक’ हा शब्द आहे. त्यामुळे कामरगावहून जीपला लटकून येणाऱ्या मास्तरांना आम्ही फार जपतो. ते आले नाहीत तर मंडळ कारंज्यातल्या एका गल्लीपुरतं उरतं. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-दहा माणसं जमतात, कागद उडू नये म्हणून पंखा बंद करतात आणि घामाघूम होऊन बेडूक, बगळे घडवतात. मला तिथं बायकोनं नेलं. मी नुसता बसत असे. तिची घडी मात्र मंडळात सगळ्यांत नेटकी.

वर्धापनदिनाला मोठे पाहुणे बोलवायचं ठरलं तेव्हा ती अंथरुणावर होती. अकोल्याला चाललेल्या केमोच्या औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. तरी पाहुण्यांच्या हाराची झेंडूची फुलं मीच करीन, असा निरोप तिनं मंडळाला धाडला. केशरी पतंगी कागद. कात्री नाही, डिंक नाही. घडी बसली की नाही हे बोटांना कळत नसे, म्हणून ती प्रत्येक घडी डोळ्यांजवळ नेई आणि चमच्याच्या दांड्यानं दाबी. झालेली फुलं मी बुटाच्या खोक्यातून मंडळात पोचवत असे. ओवणारे तिकडे. त्यामुळे अख्खा हार तिनं पाहिलाच नव्हता.

कार्यक्रमाच्या सकाळी ती म्हणाली, “हार घरी आणजा. पाहुणे गाडीत फेकून देतीन. मले एकडाव पुरा पाहू द्या.”

“फोटो काढून आणतो ना.”

“फोटो नाही. हातात पाह्यजे.”

सभागृहात हार तबकात ठेवला होता. आम्ही सगळे पाहुण्यांच्या खुर्चीवरचा टॉवेल सरळ करण्यात गुंतलो होतो. तेवढ्यात मंडपवाल्याच्या माणसानं रोजच्या सवयीनं बाटलीतून हारावर पाणी मारलं. उकाडा होता, म्हणून जरा जास्तच मारलं. पाहुण्यांच्या गळ्यात पडला तो लगदा. पांढऱ्या सदऱ्यावर केशरी ओघळ मिरवत ते हस्तकलेच्या चिरंतनतेवर बराच वेळ बोलले. टाळ्याही पडल्या.

मी पिशवी घेऊन घरी आलो. आत ओला गोळा आणि दोरा.

“हे काय?”

“मंडपवाल्यानं पाणी मारलं.”

“कायले?”

“फुलं सुकतील म्हणे.”

तिनं तो गोळा डोळ्यांजवळ नेला. “हात लावूनबी त्याले समजलं नाही?”

“हात कुठं लावला. दुरूनच मारलं.”

“म्हंजे दुरून खरे वाटले!” ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग भिंतीकडे वळली. “पण मले दिसला नाही ना हो हार.”

त्यानंतर तिनं कागद मागितला नाही. महिनाभरात गेली.

तेरवीला मंडळानं तिच्या फोटोसाठी कागदी झेंडूचा हार आणला. रात्री जागून केला होता. मास्तर म्हणाले, “वयनीसारखाच झाला, नाही का भाऊ?” मी हो म्हणालो.

तेरवीनंतर माझ्याकडे राहिलेली बहीण रोज सकाळी तांब्या घेऊन फोटोच्या भिंतीजवळून जाते, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालते. पाणी शिंपडावं म्हणून त्या हाराजवळ तिचा हात कधी थबकत नाही. दुरूनच कागद दिसतो.