वऱ्हाडातले गळवाले

"वहिनीले खुशाल घेऊन चाल. तशीबी ते काही बोलत नाही. पण या बारीले तुले मासा लागलाच पाह्यजे. नाही तं पुढच्या बारीपासून गाडीतली तुयी जागा बर्फाच्या डब्याले."

हे मी ऐकायला नको होतं. अंगणात प्रमोदभाऊ माझ्या नवऱ्याला बजावत होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. ट्रे नेला, कप दिले, आत आले. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक कपाट समजतात. समोर काहीही बोलतात, आणि कपाटात सामान साठत जातं. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण या मंडळींचे किस्से माझ्याजवळ इतके झालेत की थोडे बाहेर काढल्याशिवाय नवीन मावायचे नाहीत.

मंडळी म्हणजे तिघं. अकोल्यात ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवणारे प्रमोदभाऊ, परतवाड्याचे संत्र्याचे व्यापारी गजूभाऊ, आणि मोटारसायकलच्या शोरूममध्ये नोकरी करणारा माझा नवरा, स्वप्नील. तिघांचा छंद एकच. कोकणात जायचं, वाळूत उभं राहायचं आणि लांब दांडीनं लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा. अकोल्याहून समुद्र म्हणजे गाडीनं एक रात्र आणि वर अर्धा दिवस.

गजूभाऊंना मासे लागतात. प्रमोदभाऊंना अधूनमधून. स्वप्नीलला आजवर एकही लागलेला नाही. एकदा कुणाचं तरी जाळं लागलं होतं. ते त्या माणसानं येऊन परत नेलं.

*

तिघांच्या मोबाइलमध्ये त्या किनाऱ्याच्या भरती-ओहोटीचं ॲप आहे. भरतीच्या आधी अलार्म वाजतो. दुकानात, शोरूममध्ये, संत्र्याच्या लिलावात, कुठेही.

आमच्या लग्नातही वाजला. बाळापूरचं मंगल कार्यालय, मध्ये अंतरपाट, मंगलाष्टक ऐन रंगात, आणि नवरदेवाच्या शेरवानीतून पीं पीं सुरू. भटजी थांबले. नवरदेवाच्या दोन्ही हातांत हार, त्यामुळे खिशात हात घालणार कोण? शेवटी मागून प्रमोदभाऊंनी हात घालून मोबाइल बंद केला. माझ्या बाबांनी घाबरून विचारलं, काय झालं?

"काही नाही जी, पाणी चढून राहिलं. चालू द्या तुमचं."

बाबांनी लगेच एक माणूस गच्चीवर टाकी बघायला पाठवला.

*

कोणता मासा कोणत्या महिन्यात लागतो हे मला गजूभाऊंनी समजावलं. म्हणजे समजावत होते स्वप्नीलला, मी समोर पोळ्या वाढत होते. पाऊस सरता सरता खाडीच्या तोंडाशी जिताडा. थंडीत रावस. उन्हं तापली की शिंगाळा, त्याच्या काट्यापासून हात सांभाळायचा. आणि काहीच लागत नसेल तेव्हा मुडदुशी. ती बोटाएवढी असते, पण फोटो जवळून काढायचा.

गजूभाऊंच्या डोक्यात सगळं संत्र्याच्या हिशेबानं बसतं. जिताडा म्हणजे पावसाळ्यातला मृग बहार, रावस म्हणजे थंडीतला आंबिया.

"आणि याले जे लागत नाही ते?" प्रमोदभाऊंनी स्वप्नीलकडे बोट दाखवून विचारलं.

गजूभाऊंनी पोळी मोडली. म्हणाले, "फळगळ."

स्वप्नील हसला. त्या दिवशी मात्र त्यानं एक पोळी कमी खाल्ली.

*

गळ फेकायचा सराव प्रमोदभाऊंच्या मूर्तिजापूरकडच्या वावरात होतो. तूर निघाली की वावर मोकळं असतं. दोरीच्या टोकाला गळ न लावता नुसतं शिशाचं वजन बांधायचं, पळत यायचं आणि फेकायचं. दोरी किती लांब गेली ते पावलांनी मोजायचं. मी बांधावर डबा घेऊन बसलेली असायची.

शेजारी फुलकोबी लावलेले एक आजोबा आहेत. त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी बांधावर आले.

"काय पकडून राहिले जी?"

"सराव करून राहिलो," प्रमोदभाऊ म्हणाले. "मासे धराचा."

आजोबांनी वावर पाहिलं, दांड्या पाहिल्या, पळत येणारा माझा नवरा पाहिला.

"मंग आधी पाणी तं सोडा."

*

गळाला लावायला झिंगे लागतात. प्रमोदभाऊ ते अकोल्याच्या बाजारातून घेतात, बर्फात भरतात आणि गाडीत ठेवतात. मागच्या खेपेला डबा मी भरला. बाजारात झिंगे विकणाऱ्या बाईला सहज विचारलं, हे येतात कुठून? तिनं सांगितलं, कोकणातून. गावाचं नावही सांगितलं.

हे लोक गळ टाकायला जातात त्याच्या शेजारचंच गाव.

घरी येऊन हे स्वप्नीलला सांगितलं. त्यानं प्रमोदभाऊंना सांगितलं. प्रमोदभाऊंनी थोडा विचार केला.

"बरोबर आहे ना मंग. ओळखीचा चारा दिसला की मासा बिचकत नाही."

*

फाल्गुनातल्या खेपेला गजूभाऊंना मोठा रावस लागला. मी तेव्हा घरीच होते. अर्धा रावस संत्र्याच्या पेटीत, बर्फात बसून आमच्याकडे आला. आमच्या सासूबाईंचा हात मटणावर बसलेला. त्यांनी भरपूर काळा मसाला वाटला, खोबरं भाजलं, आणि मासा कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या. मी म्हणणार होते की आई, मासा लवकर शिजतो. पण घरात येऊन महिनाच झाला होता.

सासऱ्यांनी रस्सा भुरकला. छान झालाय म्हणाले. मग पळीनं पातेलं ढवळलं, पुन्हा ढवळलं.

"मासा कुठी आहे?"

"त्याच्यातच आहे," सासूबाई म्हणाल्या. "जेवा."

 नंतर स्वप्नील अंगणात दांडी पुसत बसला. मी शेजारी जाऊन बसले, तर म्हणाला, "माह्या हातानं एक आणाचा आहे. मंग तू कर, तुले जसा करता येईन तसा." अंगणातलं ते बर्फाच्या डब्याचं बोलणं मी नंतर ऐकलं, त्याच्या आधी हे ऐकलं होतं.

*

दिवाळी झाल्यावर जिताड्यासाठी निघालो. पहिल्यांदाच चौघं. बर्फाचा डबा माझ्या मांडीवर.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गजूभाऊंना दोन मुडदुशा लागल्या आणि फोटो जवळून काढले गेले. संध्याकाळची भरती शेवटची. तिसऱ्या दिवशी उजाडताच परत निघायचं होतं. स्वप्नील दुपारी नीट जेवलासुद्धा नाही.

प्रमोदभाऊ डावीकडे उभे राहिले, स्वप्नील बराच दूर उजवीकडे. मधल्या कोरड्या वाळूत मी, डबा आणि चपला. गजूभाऊंनी आपली दांडी गुंडाळली होती. ते व्हिडिओ काढणार होते.

पाणी चढत होतं आणि किनाऱ्याला धरून एका बाजूला वाहतही होतं. ऊन कलल्यावर दोऱ्या चकाकायला लागल्या. फेकल्या तेव्हा त्या सरळ समोर गेल्या होत्या. आता स्वप्नीलची दोरी हळूहळू डावीकडे सरकत होती. मी बघत होते. बघण्याशिवाय मला काही काम नव्हतं.

तेवढ्यात प्रमोदभाऊंची दांडी वाकली. त्यांनी झटका दिला तशी स्वप्नीलचीही वाकली.

"लागला," स्वप्नील म्हणाला. ओरडला नाही. एवढ्या हळू म्हणाला की मीच ऐकलं असेल.

मग दोघंही भिडले. प्रमोदभाऊ गुंडाळायचे तशी स्वप्नीलची दोरी सुटत जायची. स्वप्नील मागे रेलून ओढायचा तसे प्रमोदभाऊ गुडघाभर पाण्यात खेचले जायचे. गजूभाऊ मोबाइल धरून दोघांच्या मधून पळत होते. प्रमोदभाऊ सांगत होते, जिताडाच आहे, जोर पाहा त्याचा, जोडीनं आलेत. सोडू नका, दमू द्या त्याईले. स्वप्नीलचा चेहरा असा झाला होता की तसा मी लग्नातही पाहिला नव्हता.

लाट फुटून पाणी सपाट झालं की मला दोन्ही दोऱ्या शेवटपर्यंत दिसायच्या. त्या पाण्यात शिरत होत्या ती जागा एकच होती.

 कदाचित तिथं खरंच काही असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. स्वप्नीलनं मान वळवून मला विचारलं, पाहून राहिली ना? मी मान डोलावली. मग प्रमोदभाऊंनी दात-ओठ खाऊन असा हिसका दिला की स्वप्नील दांडीसकट पाण्यात गुडघ्यांवर पडला. तरी त्यानं दांडी सोडली नाही. लाट तोंडावरून गेली तरी नाही.

मी उठले, साडी खोचली आणि पाण्याच्या कडेपर्यंत गेले. लाटांच्या वर आवाज जायला हवा होता, म्हणून चांगला मोठ्यानं काढला.

"प्रमोदभाऊ, जरा ढील द्या. तुमच्या गळाले आमचे हे लागले आहेत."