उमरग्याची सोयरीक आणि माझं उलटं इंग्रजी

माझी सोयरीक एका कोंबडीनं मोडता मोडता राहिली, आणि ती कोंबडी कुणी डोळ्यांनी बघितलीसुद्धा नव्हती!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. नळदुर्गाच्या उर्दू शाळेत आमचे मास्तर घोळात टाकणारे इंग्रजी शब्द जोडीनं शिकवायचे. शब्द लिहायचे डावीकडून, आणि खाली त्यांचे अर्थ उर्दूत, म्हणजे उजवीकडून. पहिल्याचा अर्थ आपोआप दुसऱ्याखाली यायचा. सगळ्या वर्गाला हे कळत होतं. मी मात्र ज्याच्या खाली जो, तोच त्याचा अर्थ, असं धरून अख्खी वही घोकली!

तर उमरग्याला मुलगी बघायला गेलो. महादेवी सोलापूरला मामांकडं राहून इंग्रजी चौथी झालेली. चहाची कपबशी देताना तिनं एकदाच वर बघितलं आणि मी तिथंच खलास झालो. हीच पाहिजे, दुसरी नको!

"पोरगा इंग्रजी फाडफाड बोलतोय," माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मिशीला पीळ दिला.

तिचे मामा कपाळाला भस्म लावलेले, कडक. म्हणाले, "मग ऐकवा की. घरदार कसं काय तुमचं?"

"आमचं चिकन लई मोठं आहे," मी सुरू झालो आणि लगेच आईवर आलो. "अव्वा पहाटेपासून चिकनमध्येच असती."

मामांनी कपबशी खाली ठेवली. "रोज?"

"रोज! श्रावणात तर शिवपूजासुद्धा चिकनमध्येच!"

"शिवा शिवा शिवा!" मामा उठले आणि वहाणा शोधायला लागले. "लिंगायताच्या घरात कोंबडी शिजतीय!"

"आमच्या सात पिढ्यांत अंडं फुटलं न्हाय!" आप्पा ओरडले. "काय बोललास रं, गाढवा?"

"मामा, गैरसमज झाला तुमचा," मी (अजून ऐटीतच) म्हणालो. "कोंबडीला किचन म्हणत्यात. आमी किचनला शिवत पण न्हाय!"

मामांची एक वहाण पायात गेली. गेली महादेवी हातची!

इतक्यात दाराआडून आवाज आला, "सोप म्हणजे काय?" बघायला आलेल्या मुलाला मुलीनं सवाल करायचा, असं उमरग्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"पितात ते," मी म्हणालो.

"आणि सूप?"

"अंगाला लावून आंघोळ करत्यात."

आत खुदकन हसू फुटलं. कोटाच्या खिशातून डोकावणारी माझी वही तिनं मागून घेतली, दोन पानं चाळली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मामा, बसा. कोंबडी न्हाय, काही न्हाय. ह्यांनी सगळ्या जोड्या उलट्या लावल्यात."

"असल्या माणसाला द्यायची तुला?" मामा एका वहाणेवर उभे.

"माणूस पक्का आहे," महादेवी म्हणाली. "एकदासुद्धा बरोबर येत न्हाय. सांगतील त्याच्या उलटं धरलं, की झालं!"

निजाम गेला, शाळा मराठी झाली, मास्तरही गेले. वही अजून हिच्या ट्रंकेत आहे. कधी काढून बसते, एकटीच हसते, आणि मला उगाच भरून येतं.

परवाच आभाळाकडं बघून मी छातीठोक सांगितलं, "आज पाऊस येत न्हाय." ती उठली आणि गच्चीवरचं वाळवण गोळा करायला लागली. इतक्या वर्षांत आमचा एक पापड भिजलेला नाही!