ताईच्या हातातले ग्लोव्हज

ताई आणि धाकट्याचे वडील शाळेत बॉक्सिंग शिकवायचे. शाळेत ग्लोव्हज मुलांना. मुलींकडे टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या. घरी मात्र तेरा वर्षांच्या ताईला वेगळंच काम होतं. रोज संध्याकाळी मागच्या खोलीत पोटावर उशी बांधून, भिंतीला पाठ लावून ती उभी राहायची आणि दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ तिला ठोसे मारायचा.

"तू हात खाली ठेव!" वडील ओरडायचे. "आणि तू रे, गोंजारतोस काय तिला? मुलीला मारताना कचरतोस, मग मुलांपुढे काय दिवे लावणार?"

ठोसे उशी सोडून बरगड्यांवर बसायचे, कधी तोंडावर. शाळेत कुणी विचारलं की ताई सांगायची, दार लागलं.

"तुमच्याकडचं दार फारच तापट आहे गं!" मैत्रिणी म्हणायच्या. तीही हसायची, फुटलेला ओठ सांभाळून. मार खायची सवय झाली होती. एकदा तरी ते ग्लोव्हज आपल्या हातात यावेत, एवढंच तिला हवं होतं.

स्पर्धेच्या आठवड्यात धाकट्याने तिचा दात पाडला. तोंडात रक्त भरलं आणि तिचा हात आपसूक उठला. नुसती मूठ. धाकटा आडवा झाला.

वडिलांनी कमरेचा पट्टा काढला. ताईने डोळे मिटून घेतले. पण पट्टा उतरला तो धाकट्याच्या पाठीवर.

"पोरीकडून मार खातोस? बांगड्या भर!"

कातडं फुटेपर्यंत मारलं. दमल्यावर त्याच्या हातांतले ग्लोव्हज ओढून काढले आणि ताईपुढे धरले.

"घाल. माझा खरा मुलगा तूच. पलीकडच्या शाळेत मुलींचा संघ निघालाय, तिथे घालतो तुला. आता हा उभा राहील."

ग्लोव्हज आतून ओले आणि गरम होते. नाड्या वडिलांनी स्वतः बांधल्या, वर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. असा हात याआधी कधी फिरला नव्हता. धाकट्याने उशी बांधली.

"ताई, हळू हं."

पहिला ठोसा तिने हळूच मारला. "वा!" वडील म्हणाले. त्या एका 'वा'ने ती पेटली. दुसरा, तिसरा, मग मोजणं राहिलं नाही. एक कानावर बसला. धाकटा कान धरून खाली बसला, बोटांमधून रक्त आलं, तरी ती मारतच होती. वडील टाळ्या वाजवत होते.

त्या वर्षी तिला पदक मिळालं. धाकट्याचा डावा कान गेला तो गेलाच.

आता दोघं एकाच टायरच्या दुकानात आहेत. ती चाकं उतरवते, तो पंक्चर काढतो. माफी तिने एकदाच मागितली. मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून, अगदी हलक्या आवाजात. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला.